परिशिष्टात लिहायचं नाव

दुपारी दोनलाच ओउलूत अंधार उतरतो.
रेयो स्वयंपाकघरातला दिवा लावतो,
मेणकापडावर उघडतो ते जुनं नियमपुस्तक:
पाठीला चिकटपट्टी, मुखपृष्ठावर कॉफीची तीन वर्तुळं,
आणि आत, समासात, इल्पोचं अक्षर,
मुंगीएवढं, डावीकडे झुकलेलं.

कागदगिरणीतून निवृत्त झाल्यापासून
एवढं एकच काम:
हा खेळ आपल्या शब्दांत पुन्हा लिहायचा,
आपल्या गावचा करायचा, डांबराच्या गोदामांचा,
गोठलेल्या खाडीवरून चालत जाणाऱ्यांचा,
आणि छापायचा. दोनशे प्रती.
चोरीचं काही राहता कामा नये.

गुरुवारी ग्रंथालयात फुकट सल्ला मिळतो.
वकीलबाई सिर्क्का, ओले हातमोजे रेडिएटरवर पसरत म्हणाली,
"वीस बाजूंचा फासा टाका,
चौदाच्या वर पडलं तर दार उघडतं,
ही झाली रीत. रीतीला मालक नसतो.
पण ते दार कसं कुरकुरतं
हे कुणी लिहिलं असेल, तर ती कुरकुर त्याची."

घरी येऊन त्याने अठरा पानांतल्या
सगळ्या कुरकुरी काढून टाकल्या.

मासा साफ करावा तसं ते काम:
काटा सगळ्यांचा, मांस कुणाचंतरी,
आणि सुरी सारखी चुकीकडे घसरते.
जखमी माणूस हळू चालतो,
हे सांगायला जगात किती वाक्यं असतील?
त्याने अकरा करून पाहिली.
बारावं हुबेहूब पुस्तकातलंच निघालं.

शेवटच्या पानावर परवाना होता, बारीक टाइपात:
घ्या, बदला, विका,
आमचं नाव लिहा,
आणि तुम्ही कराल तेही असंच उघडं ठेवा.
देणारी कंपनी कधीच बुडाली.
तिला गिळणारीही बुडाली.
तिसरी पत्रांना उत्तर देत नाही.
"नाव लिहा," सिर्क्का म्हणाली. "बुडालेल्यांचंही लिहायचं असतं."

फाशातून पडतं ते दान,
हातातून सुटतं तेही दान.
या दुसऱ्याला अट होती,
आणि रेयोला ती अटच आवडली.

मग आलं पान एकसष्ट.
बर्फाखालची बाई.
ती नाव विचारते,
आणि सांगितलंत तर ठेवून घेते.
ती पुस्तकातली नव्हे.
ती समासातली, इल्पोची.
नव्वदच्या हिवाळ्यात, याच टेबलाशी,
तिने रेयोच्या वीराला खाडीत ओढलं
आणि दोघं पहाटेपर्यंत भांडत बसले.

इल्पोने परवाना वगैरे दिला नव्हता.
"पुस्तक राहू दे तुझ्याकडे," म्हणाला होता,
"शनिवारी येतोच आहे."
शनिवारी बाकीचे आले.

"सत्तर वर्षं," सिर्क्काने सांगितलं,
"माणूस गेल्यावर सत्तर वर्षं हक्क राहतो."
जिवंतपणी इल्पोकडे
स्वतःची सायकलसुद्धा नव्हती.

बहीण केमीला असते, कुत्री पाळते.
रेयोने फोनवर अख्खा कागद वाचून दाखवला:
परवानगी, अनन्य नसलेली; मोबदला; मुदत.
पलीकडून बराच वेळ नुसती कुत्रीच भुंकली.
मग केर्त्तू म्हणाली,
"कागद असू दे. ती बाई वाच."

त्याने वाचली.

"ही आमची हिल्या आत्या," ती म्हणाली.
"शेवटी शेवटी दारात बसायची,
येणाऱ्या प्रत्येकाला नाव विचारायची,
आणि तेवढंच दिवसभर घोळवायची तोंडात.
इल्पो लहान होता. घाबरायचा.
त्याने विचारलं होतं का तिला,
तुला बर्फाखाली नेऊ का म्हणून?"

यावर रेयोकडे कलम नव्हतं.
सिर्क्काकडेही नसावं.
सही टपालाने येईल, केर्त्तू म्हणाली, पैसे नकोत,
दोन प्रती पाठव, एक कुत्री फाडतील.

रात्री तो परिशिष्ट टाइप करतो:
कंपनीचं नाव, वर्ष, परवान्याची आवृत्ती.
खाली इल्पो.
त्याच्या खाली हिल्या,
आणि पुढे बोट थांबतं.

आडनाव विचारायचं राहिलंच.
नऊ वाजून गेलेत. केमीत झोपले असतील.
तो फोन उचलतो.